बाद केलेलं हरीण

परत आल्यापासून कराडात जो भेटेल तो विचारतो, "डॉक्टर, हॉलंडात काय काय पाहिलंत?" ट्युलिप पाहिले नाहीत, कारण ते वसंतात फुलतात आणि मी तिथे होतो ऑक्टोबर ते जानेवारी. म्युझियमं कधी चालू, कधी बंद. चालू असली तरी फोनमधला लसीचा कोड दाखवल्याशिवाय आत सोडत नसत, आणि माझा कोड तिथल्या यंत्राला वाचता येत नसे. पवनचक्की एक पाहिली, तीही धावत्या गाडीतून, ती मागे पडल्यावर जावईबापूंनी सांगितलं म्हणून. नीट, जवळून, हात लावून पाहिलं ते एक हरीण. तेव्हा त्या हरणाचीच हकिकत सांगतो. तिच्यात माझी शोभा झाली आहे, पण या वयात ती झाकून तरी काय करायचं?

कराड ते बेनेकोम

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं मी कत्तलखान्यावर मांसतपासनीस होतो. पहाटे जायचं, टांगलेल्या प्रत्येक बकऱ्याचं काळीज, फुप्फुस, गाठी बघायच्या, वास घ्यायचा, आणि शिक्का मारायचा. नाहीतर बाद करायचं. बाद केलेलं मांस मागच्या दाराने बाजारात जाऊ नये म्हणून त्याला खोल चिरा द्यायच्या आणि वरून फिनेल आणि नीळ ओतायची. निळं मटण कुणी विकत घेत नाही. हे काम मी स्वतः करायचो, शिपायावर सोडलं नाही. खाटीक मंडळी मला मागे 'नाकवाले साहेब' म्हणत, आणि मला ते ऐकू आलं तरी राग येत नसे, कारण खरंच होतं. डोळ्याला दिसायच्या आधी मला मांस बिघडल्याचं कळायचं.

मुलीच्या बाळंतपणाला बापाने जायची आपल्याकडे रीत नाही. पण आमच्या घरात ते लसीने ठरवलं. मी पालिकेच्या दवाखान्यात गेलो त्या दिवशी तिथे कोविशील्ड होती, हिला शाळेतल्या शिबिरात कोव्हॅक्सिन मिळाली. माझी लस त्या देशाला चालत होती, हिची अजून चालत नव्हती. त्यामुळे डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशोपा आणि चार पानी सूचना घेऊन मी एकटा निघालो. विमानतळावर ही शेवटचं म्हणाली ते, "तुम्ही स्वयंपाकात लुडबुडू नका, फक्त तिच्यावर लक्ष ठेवा." मी दोन्ही गोष्टी उलट केल्या.

रेवा माती तपासते, म्हणजे तिथल्या वाखनिंगनच्या विद्यापीठात मातीवर संशोधन करते. तिचे यजमान अनिकेतराव आइंडहोव्हनच्या एका कंपनीत संगणकाच्या चिपा बनवायच्या यंत्रांवर काम करतात, पण त्या काळात वरच्या खोलीत लॅपटॉपपुढेच बसलेले असायचे. त्यांचं घर शेजारच्या बेनेकोम गावात. विटांची एकसारखी घरं, मागे प्रत्येकाची बाग, आणि गाव संपलं की वेलुवेचं रान सुरू. वाळूची जमीन, पाइनची झाडं, रानडुकरं, हरणं. त्या रानाच्या वाटेवर मी सकाळी चालायला जायचो आणि मनात म्हणायचो, एवढं मोठं जंगल आणि एक माणूस हाक मारत नाही, एक चहाची टपरी नाही.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती. एप्रिलमध्ये मला कोरोना झाला होता. ताप गेला, खोकला गेला, पण वास आला तो वाकडा होऊन आला. कॉफीला जळक्या टायरचा वास, कोथिंबिरीला रॉकेलचा, साबणाला नासक्या दुधाचा. हिने विचारलं तर म्हणालो, "आला की वास! झकास येतोय." नाकवाले साहेबांनी दुसरं काय म्हणायचं?

बेनेकोम, नोव्हेंबर

रेवाला आठवा लागला होता. बाळंतपण करणारी सुईण सायकलवरून यायची, उंच, खणखणीत आवाजाची. तिने रक्त तपासलं आणि लोह कमी आहे म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या, आणि वर म्हणाली, लाल मांस खा, पण काळीज अजिबात नको. मी उडालोच. आमच्या घराण्यातल्या एकूण एक गरोदर बाईला मी स्वतः निवडून काळीज पाठवलेलं आहे. सुईण म्हणाली, त्यात एक जीवनसत्त्व फार जास्त असतं, ते बाळाला चांगलं नाही. घरी आल्यावर मी पुस्तकात बघितलं. बाई बरोबर बोलत होती. त्या घराण्यातली सगळी पोरं धडधाकट आहेत ही गोष्ट वेगळी.

लाल मांसाचा विषय निघाला म्हणून शेजारचे बेरेंड गोष्टीत येतात. वय बहात्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त, बायको वारलेली, आणि परवानाधारक शिकारी. रेवा आणि अनिकेतराव कोरोनाने घरात अडकले होते तेव्हा रोज दारात सूपचं पातेलं ठेवून, घंटी वाजवून, सहा पावलं मागे जाऊन उभे राहायचे, ते हेच. रेवाची पुढे लाकडी पेटी असलेली सायकल त्यांच्याच शेडमध्ये ठेवलेली असायची. परदेशात मुलीला हक्काचा माणूस एकच होता, आणि तो हा होता.

मी मांसतपासनीस आहे हे कळल्यावर बेरेंड फारच खूश झाले. "म्हणजे आपण एकाच खात्यातले," म्हणाले. तिकडे शिकाऱ्यालाच शिक्षण देऊन तपासणीचा अधिकार देतात. जनावर पडलं की त्यानेच पोट उघडून काळीज, फुप्फुस, प्लीहा बघायची, मरायच्या आधी ते कसं चालत होतं ते नोंदवायचं, पायाला नंबरचा बिल्ला लावायचा. मी म्हणालो, "म्हणजे ज्याचा पेपर त्यानेच तपासायचा?" ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेत. स्वतःचा तपासताना जास्त मार्क देत नाही."

रानडुकराचं मांस मात्र स्वतः तपासून चालत नाही, त्याच्यातल्या बारीक अळीसाठी प्रयोगशाळेत तुकडा पाठवावा लागतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला त्या देशाबद्दल जरा आदर वाटला. आपल्याकडे हरणाला हात लावला तर तुरुंग. तिकडे रानात किती हरणं झेपतील याचा हिशेब करून वरची मारायला परवाना देतात. बेरेंडना त्या वर्षी एकच मिळाला होता. आपल्या भेकराएवढं, लहानसं हरीण असतं ते.

"रेवाला मी त्यातलं देईन," ते म्हणाले. "रानात पळालेलं जनावर. चरबी नावाला नाही, लोह भरपूर. आणि नाताळला तुम्ही जेवायला या." मग थांबून, बोटांवर मोजून म्हणाले, "म्हणजे रेवा आणि अनिकेत या. सरकारने घरी चारच पाहुणे सांगितलेत. मार्टेन आणि हन्ना, रेवा आणि अनिकेत. तुम्ही पाचवे आहात, डॉक्टर. मला वाईट वाटतं."

जेवायला बोलावून त्याच वाक्यात नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. माझी कानशिलं तापली. रेवाने मराठीत दबक्या आवाजात सांगितलं, "बाबा, प्लीज. हे जेवण त्यांच्यासाठी खूप मोठं आहे."

मग तिने घरी आल्यावर सगळं सांगितलं. मार्टेन हा बेरेंडचा एकुलता मुलगा. दीड वर्षापूर्वी आई गेली तेव्हा अंत्यविधीला तीसच माणसं चालत होती. यादी बेरेंडनी केली. गणिताच्या मास्तरांनी अगदी तिसाची केली, तीन शिकारी मित्र धरून, आणि त्यात मुलाची मैत्रीण हन्ना बसली नाही. तेव्हापासून मुलगा आला नव्हता. आता येतो म्हणाला होता, हन्नाला घेऊन. मार्टेन दुकानातलं मांस खात नाही, कोंडून वाढवलेलं जनावर त्याला चालत नाही. तो एवढंच खातो, जे रानात जगलं आणि वडिलांनी मारलं. आणि नाताळचं जेवण म्हणजे हरणाची पाठ, आईच्या पद्धतीने. फोनवर बेरेंड मुलाला एवढंच म्हणाले होते, "हरीण आहे." मुलगा म्हणाला होता, "मग येतो."

"त्यामुळे बाबा," रेवा म्हणाली, "तुम्ही रुसू नका."

मी कशाला रुसेन? मी फक्त दोन दिवस बागेच्या त्या बाजूला गेलो नाही.

शेड

नाताळला सहा दिवस होते. त्याच पहाटेपासून सरकारने दुकानं बंद केली होती. बेरेंड तिसरा डोस घ्यायला सायकलवरून गेले होते. रेवाने मला सायकलीच्या पेटीतून बटाट्यांची पिशवी आणायला सांगितलं. मी शेडचं दार उघडलं आणि समोर हरीण.

मागच्या पायांनी छताला टांगलेलं, पोट साफ केलेलं, पण कातडं तसंच. पायाला बिल्ला. बिल्ल्यावर तारीख बेरेंडच्या नेटक्या अक्षरात: आठ दिवसांपूर्वीची.

आठ दिवस! कराडात सकाळी कापलेलं दुपारी एकला उरलं तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. मटण म्हणजे ताजं, आपल्यादेखत कापलेलं, हाताला कोमट लागणारं. इथे आठ दिवस कातड्यासकट शेडमध्ये लटकतंय, आणि हे माझ्या पोटुशी मुलीला खायला घालणार! मी पुढे झालो, मांडीपाशी नाक नेलं. आणि आला वास! कुजका, हिरवा, डोळ्यांत पाणी आणणारा. आयुष्यात इतका वाईट वास मी दोनतीनदाच घेतला असेल.

आता विचार करताना कळतं की शेडमध्ये चार-पाच अंश तापमान होतं, म्हणजे सगळी शेडच एक फ्रिज होती. पण माझ्या डोक्यात कराडचं ऊन होतं. मांस बोटाने दाबून बघायला हवं होतं, ते दाबलं नाही. गाठी बघायला हव्या होत्या, त्या बघितल्या नाहीत. एकोणीस वर्षं सगळं नाकाने सांगितलं होतं, मग याच वेळी कशाला बघा? रागाने केलं असं म्हणणारे म्हणोत. पाचवा पाहुणा म्हणून वगळल्याचा मला राग होता, नाही असं नाही, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात रेवाच होती.

फिनेल नव्हतं. रेवाच्या बाथरूममध्ये संडास धुवायचा निळा द्राव होता, मोठी बाटली, भरलेली. भिंतीवरची सुरी घेतली. दोन्ही मांड्यांना तीन तीन चिरा, पाठीला दोन्ही बाजूंनी लांब चीर, खांद्यांना दोन दोन, पद्धतशीर, हाताला सवय होती. मग वरून बाटली ओतली. द्राव चिरांमधून उतरला, पोटातून फिरला आणि खालच्या फरशीवर ठिबकू लागला. मी दोन पावलं मागे होऊन पाहिलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काहीतरी काम केल्यासारखं वाटलं.

बेरेंड परतले तेव्हा मी दारातच उभा होतो, साहेब उभा राहतो तसा. ते कोटावरून दंड चोळत होते. त्यांनी आत पाहिलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे निळं का आहे?"

"मी बाद केलं आहे."

"कारण?"

"वास. पूर्ण कुजलेलं आहे."

ते गळ्यापाशी वाकले, जिथे द्राव पोहोचला नव्हता. डोळे मिटून वास घेतला. "मला अक्रोडाचा वास येतो. आणि थोडा ओल्या पानांचा. हरणाला दहा दिवस टांगतात, डॉक्टर. मांस मऊ व्हायला." मग त्यांनी रेवाला हाक मारली.

गरोदर बाईचं नाक कसं असतं ते मला नव्याने सांगायला नको. रेवाला त्या महिन्यांत तिसऱ्या घरातला कांदा कळायचा. ती शेडच्या दारात उभी राहिली, दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "बाबा, याला वाईट वास नाहीये. फक्त संडासाचा वास येतोय, आणि तो तुम्ही ओतलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग घरात गेली आणि कॉफीचा डबा, कोथिंबिरीची जुडी आणि अनिकेतरावांची चप्पल घेऊन आली.

"डोळे मिटा. हे काय?"

"टायर," मी म्हणालो.

"ही कॉफी आहे. हे?"

"रॉकेल."

"कोथिंबीर. आणि हे?"

ती चप्पल होती. तिला कसलाच वास नव्हता. मी अंदाजाने "कॉफी" म्हणालो.

रेवा रडायला लागली. "कधीपासून, बाबा? सांगितलं का नाही?" काय सांगणार होतो? डोळे गेले तर माणूस काठी घेतो. नाक गेलं तर नाकवाले साहेबांनी काय घ्यायचं? आणि हेही खरं की सांगितलं असतं तर तिने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं.

बेरेंड ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "परवाना एकच होता." शेडचं दार लावलं आणि घरात गेले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी खिडकीतून हात केला नाही. रेवा त्या खिडकीकडे बघत बसायची. मुलगा हरणासाठी येणार होता, आणि हरीण मी निळं केलं होतं.

हंस

चौथ्या दिवशी मीच त्यांचं दार वाजवलं आणि सहा पावलं मागे जाऊन उभा राहिलो. चूक माझी आहे, मी म्हणालो, लेखी देतो. ते म्हणाले, द्या, बिल्ल्याच्या नंबरापुढे काहीतरी कारण लिहावंच लागेल. मी तिथेच लिहिलं: 'तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नाकातील दोष.' खाली सही केली. एकोणीस वर्षांत बाद केलेलं जनावर मी परत पास केलं नव्हतं, आणि चुकलो असं कागदावर कधी लिहिलं नव्हतं.

बेरेंडनी कागद वाचला. पहिल्यांदाच मिशीत हसले. "आता मार्टेनला काय वाढू?"

"तुमच्या फ्रीझरमध्ये तुम्ही मारलेलं दुसरं काही?"

"रानटी हंस. दोन. उन्हाळ्यातले." चेहऱ्यावर अजिबात उत्साह नव्हता. तिकडे हे करडे हंस हजारांनी उतरतात आणि शेतकऱ्याचं गवत खाऊन टाकतात, म्हणून मारायला लागतात. पण खायला कुणी धजत नाही. "बुटासारखं लागतं," ते म्हणाले. "माझी बायको म्हणायची, हंस म्हणजे शिक्षा."

मी म्हणालो, "कुकर आहे आमच्याकडे."

हे फोनवर सांगितल्यावर ही म्हणाली, "सरस्वतीचं वाहन कुकरला लावताय? होणारं पोर शाळेत नापास झालं तर मला सांगू नका." मग दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "आलं-लसूण सढळ हाताने घाला."

तपासणी मात्र मी सोडली नाही. हंस छऱ्यांनी मारतात. शिशाचे छरे मांसात राहिले तर विष, आणि रेवा खाणार. बेरेंडनी सांगितलं की त्यांच्या देशात शिशाच्या छऱ्यांना कधीचीच बंदी आहे, ते पोलादाचे असतात. म्हणजे लोहचुंबकाला चिकटणार. घरात लोहचुंबक एकच होता, फ्रिजवरचा, ज्याच्याखाली बाळाच्या सोनोग्राफीचा फोटो लावलेला होता. रेवाने फोटो हातात धरला आणि मी चुंबक हंसाच्या छातीवरून इंच इंच फिरवला. सात छरे निघाले. आठवा बोटाने लागला. मोडलेल्या हाडाचे कण वेगळे काढले. मांस गर्द लाल, जवळजवळ जांभळं, चरबी कातड्याखालीच तेवढी. दाबल्यावर परत वर येत होतं. डोळ्यांनी आणि बोटांनी मी पास केलं, पण नाकाची सही रेवाची होती. तिने दोन्ही हंस हुंगले, तोंडावर रुमाल धरला, आणि म्हणाली, "पास. पण मला आता दोन तास हाक मारू नका."

एक रात्र दह्यात, आलं-लसणात मुरवले. सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजलं. मला त्याला गोवरीचा वास आला, पण रेवा म्हणाली, बाबा, आजीच्या घरासारखा येतोय. मी तिचं ऐकलं. बेरेंड खिडकीतून बघत होते. कुकरची शिट्टी झाली की दचकायचे. नऊ शिट्ट्या झाल्या.

नाताळ, दुपारी एक

पाचव्या पाहुण्याचा प्रश्न बेरेंडनी गणिताने सोडवला. बाग म्हणजे घर नव्हे. त्यांनी जेवणघराच्या खिडकीबाहेर खुर्ची मांडली, तिच्यावर मेंढीचं कातडं घातलं, मला दोन कोट आणि एक टोपी दिली, आणि खिडकी उघडी ठेवली. आतली पाचजणं मेणबत्त्यांच्या उजेडात आणि मी बाहेर, ताट मांडीवर. सोयरिकीतला वाकड्या तोंडाचा मामा लग्नात बसतो तसा मी बसलो होतो. आणि खरं सांगतो, शिक्षा रास्त वाटत होती.

मार्टेन बापाएवढाच उंच, पस्तिशीचा. हन्ना लहानखुरी, लाल स्वेटरमधली. बापलेकांनी हात मिळवला नाही, तेव्हा कुणीच मिळवत नसत, त्यामुळे त्यांचं भांडण आहे की नियम पाळताहेत हे कळायला मार्ग नव्हता. रेवाने रस्सा वाढला. मार्टेनने ताटात पाहिलं.

"हरीण कुठे आहे?"

बेरेंड तोंड उघडणार एवढ्यात मी खिडकीबाहेर उभा राहिलो आणि माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. टायर, रॉकेल, चप्पल, सगळं. तुझ्या वडिलांनी आठ दिवस ते तुझ्यासाठी जपलं होतं, आणि मी संडासाच्या द्रावाने निळं केलं. हा हंसही तुझ्या वडिलांनीच मारलेला आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण जेवून घे.

मार्टेन उठला. मला वाटलं, संपलं, हा निघाला. तो मागच्या दाराने थेट शेडमध्ये गेला. बेरेंडचा हात टेबलावरच्या फडक्यावर होता. ते फडकं त्यांनी मुठीत धरलं होतं. शेडमधून आधी काहीच आवाज आला नाही. मग हसण्याचा आला. ते हसणं थांबेना. मग ते हसण्यासारखं राहिलं नाही. बेरेंड उठून गेले.

थोड्या वेळाने दोघं दारात आले. मार्टेनचे डोळे लाल होते. तो मला म्हणाला, "हे असं टांगून ठेवायचं नाही. तुम्ही बाद केलेल्याचं काय करता?"

"पुरतो," मी म्हणालो. मेलेली जनावरं नेणारी गाडी सणाच्या दिवसांत येणार नव्हती.

दोघांनी फावडी घेतली. चांगले कपडे, चांगले बूट. बागेच्या टोकाला, रानाला लागून, वाळूत खणायला सुरुवात केली. हंसाचा रस्सा टेबलावर निवत होता. हन्ना ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्या खुर्चीशेजारी उभी राहून खाऊ लागली. "हे बुटासारखं अजिबात नाहीये," ती म्हणाली. मग खड्ड्याकडे बघत म्हणाली, "तेव्हा मीही बाहेरच होते. स्मशानभूमीच्या फाटकाच्या बाहेर. मार्टेन आत, मी सायकल धरून."

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं.

बापलेक आधी गप्प खणत होते. गुडघ्याइतका खड्डा झाल्यावर बेरेंड काहीतरी बोलले. मार्टेन बोलला. हन्ना मला सांगत होती: ते म्हणताहेत, यादी चुकली. तो म्हणतोय, तीन शिकारी, बाबा, तीन. ते म्हणताहेत, मला मोजायला येत होतं, ठरवायला येत नव्हतं, ते काम तुझ्या आईचं होतं. मग दोघं फावडं टेकवून उभे राहिले आणि खूप हळू बोलू लागले. मार्टेनने एकदा हन्नाकडे बघून मान हलवली, बेरेंडनीही बघितलं. हन्नाने भाषांतर थांबवलं. मीही विचारलं नाही.

खड्डा कमरेइतका झाला. आमच्या खात्याला तेवढा पुरतो, मी शेकड्यांनी करवून घेतलेत. बेरेंडनी घाम पुसला आणि माझ्याकडे पाहून हाक मारली, "डॉक्टर, झालं का? नियम काय म्हणतो?"

मी टोपी सारखी केली. खड्ड्यापाशी गेलो, आत वाकून पाहिलं, साहेब पाहतो तसं.

"अजून बराच बाकी आहे," मी म्हणालो. "खणत राहा."